गर्व, अभिमान, माज, ताठा : काही शब्दांच्या अर्थच्छटा



एका रविवारी शुभवर्तमानात परुशी व जकातदार यांचा दृष्टांत वाचला गेला आणि प्रवचनात गर्व हे सात प्रमुख पापांपैकी पहिले पाप असल्याचे मी सांगितले. मिस्सानंतर कळमन्याच्या बाजूला राहणाऱ्या एका भगिनी थांबल्या. त्यांची मुलगी नर्सिंगच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि वस्तीतील मंडळींनी चौकात अभिनंदनाचा फलक लावला होता. त्यावर मुलीच्या छायाचित्राखाली लिहिले होते, 'आम्हाला तुझा गर्व आहे.' बाईंनी सरळ विचारले, "फादर, आमच्या फलकावरचा गर्व पाप आहे काय?"

मी हसून म्हणालो, की फलकावर 'अभिमान' हा शब्द हवा होता. त्या समाधानाने गेल्या. परंतु नंतर माझ्याच मनाला ते उत्तर अपुरे वाटू लागले. कारण अभिमान हा शब्दही सर्वकाळ निर्दोष राहिलेला नाही. शिवाय गर्व आणि अभिमान या दोहोंपाशी आपली भाषा थांबत नाही. अहंकार, मद, माज, मस्ती, ताठा, तोरा, दर्प, घमेंड, मिजास, गुर्मी, आढ्यता असे कितीतरी शब्द आपण दररोज ऐकतो व बोलतो. त्यांचे अर्थ एकमेकांच्या जवळचे असले तरी एक नाहीत. आत्मपरीक्षण करताना, मुलांना वळण लावताना आणि विशेषतः दुसऱ्याला दोष देताना आपण कोणता शब्द उचलतो, याला महत्त्व आहे. म्हणून या शब्दांचा थोडा विस्ताराने परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

गर्व आणि अभिमान

प्रथम फलकाचा प्रश्न घेऊ. नागपूर हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे येथील मराठी माणसाच्या कानावर हिंदी लहानपणापासून पडते. कळमन्याच्या मार्केट यार्डात तर एकाच सौद्यात शेतकरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतो, अडत्या हिंदीत भाव सांगतो आणि हमाल छत्तीसगडीत हाक मारतो. अशा ठिकाणी शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात. जाताना कधी अर्थ बरोबर नेतात, कधी मागे ठेवतात.

हिंदीत एखाद्याच्या यशाचा 'गर्व होणे' ही चांगली गोष्ट मानली जाते. मराठीत मात्र गर्व हा दोषच आहे. आपण 'गर्वाचे घर खाली' म्हणतो, गर्विष्ठ माणसाला दूर ठेवतो. याच्या उलट हिंदीत एखाद्याला 'अभिमानी' म्हटले तर बहुधा निंदा होते, तर मराठीत 'भाषेचा अभिमानी' ही प्रशंसा ठरते. संस्कृतातून आलेले हे दोन्ही शब्द शेजारच्या दोन भाषांत असे अदलाबदल झालेले आहेत. त्या फलकावरील वाक्य लिपीने मराठी व अर्थाने हिंदी होते. लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेमच होते, यात शंका नाही.

मराठीतील अभिमानाचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. मूळ संस्कृतात स्वतःविषयी काहीतरी मानून बसणे असा त्याचा अर्थ. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीची लक्षणे सांगताना दंभ, दर्प आणि अभिमान ही तीन नावे ओळीने येतात. म्हणजे तेथे अभिमान हा दोष आहे. आजच्या मराठीत देशाभिमान, भाषाभिमान, स्वाभिमान हे गुण झाले आणि दोष दाखवण्यासाठी दुरभिमान, वृथाभिमान असे निराळे शब्द करावे लागले. तरीही जुना अर्थ पूर्णपणे गेलेला नाही. 'निरभिमानी' या विशेषणात तो अद्याप जिवंत आहे. एखाद्या वृद्ध गुरुजींना आपण निरभिमानी म्हणून गौरवतो, तेव्हा त्यांना भाषेचा किंवा शाळेचा अभिमान नव्हता असे आपल्याला म्हणायचे नसते.

बायबलच्या मूळ भाषांतही असाच दुहेरीपणा आढळतो. हिब्रू भाषेत गर्वासाठी वापरला जाणारा 'गाओन' हा शब्द 'वर चढणे' या धातूपासून आला आहे आणि तोच शब्द देवाच्या वैभवासाठीही येतो. संत पौल करिंथकरांस लिहिताना स्वतःच्या मोठेपणाची प्रौढी निषिद्ध ठरवतो, परंतु प्रभूविषयी प्रौढी बाळगण्यास मोकळीक देतो. तेव्हा शब्दापेक्षा तो कशाविषयी वापरला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. मुलीच्या कष्टांविषयी वस्तीला वाटलेला आनंद मुलीकडे पाहत होता, स्वतःकडे नव्हे. त्याला अभिमान म्हणावे.

अहंकार आणि मीपणा

अहंकार हा मूळचा तत्त्वज्ञानातील शब्द आहे. सांख्य दर्शनात 'मी' अशी जाणीव ज्या तत्त्वामुळे निर्माण होते, त्याला अहंकार म्हणतात. तेथे त्यात निंदा नाही. मराठी संतांनी मात्र हा शब्द साधनेच्या मार्गातील मोठा अडथळा म्हणून घरोघरी नेला. अहंता, अहंभाव, मीपणा हे त्याचेच सोबती आहेत.

या गटाचे वैशिष्ट्य असे की हे दोष बाहेरून दिसतीलच असे नाही. हळू बोलणारा, खाली पाहून चालणारा, सभेत मागच्या बाकावर बसणारा माणूसही अहंकारी असू शकतो. गर्वाला बहुधा कारण लागते. रूपाचा गर्व, विद्येचा गर्व, कुळाचा गर्व असे आपण म्हणतो. अहंकाराला असे कारण लागत नाही. 'मी' एवढेच त्याला पुरते. दृष्टांतातील परुशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, परंतु त्याच्या आभारातील प्रत्येक वाक्याचा कर्ता तो स्वतः असतो. त्याला उद्धट म्हणता येणार नाही, माजलेला तर मुळीच नाही. तो उपास करतो, दशांश देतो. त्याचा दोष मीपणाचा आहे, आणि धार्मिक माणसांत हाच अधिक आढळतो. हे मी प्रथम माझ्यासारख्या धर्मगुरूंना उद्देशून लिहीत आहे.

मद, माज, मस्ती : नशेचे शब्द

मराठीतील बरेच शब्द गर्वाला नशेच्या रूपात पाहतात. मद म्हणजे मद्याने येणारी धुंदी, तसेच मस्तवाल हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा स्राव. षड्रिपूंत काम, क्रोध, लोभ, मोह यांच्यानंतर मदाची गणना होते. उन्मत्त हा शब्द त्याच कुळातला. मस्ती हा फारसीतून आलेला. फारसीतील 'मस्त' आणि संस्कृतातील 'मत्त' हे शब्द मुळात भावंडे आहेत, म्हणून ते आपल्याकडे आल्यावर परके वाटले नाहीत.

माज हा यांतील अस्सल मातीचा शब्द. गाय किंवा म्हैस फळण्याच्या स्थितीत येते तेव्हा शेतकरी ती 'माजावर आली' असे म्हणतो आणि त्यात निंदा नसते. पावसाळ्यात शेतात तण माजते. यातून माणसाच्या माजाचा अर्थ उलगडतो. अंगातील बळ, पैसा किंवा सत्ता मर्यादेबाहेर वाढली आणि आवरेनाशी झाली की तो माज. त्यामुळे 'विद्वत्तेचा गर्व' हा प्रयोग स्वाभाविक वाटतो, 'विद्वत्तेचा माज' हा अधिक कठोर लागतो. माज म्हटले की पैशाचा, सत्तेचा, अंगातल्या रगीचा असे मनात येते. मस्ती त्यापेक्षा हलकी आहे. लहान मुले मस्ती करतात तेव्हा आई रागावते, परंतु त्यात प्रेम असते. तोच शब्द 'याला फार मस्ती आली आहे' असा मोठ्याविषयी आला की त्यात धमकी येते.

याच गटात आणखी दोन क्रियापदे आहेत, उतणे आणि मातणे. आपल्याकडील व्रतकथांत वसा घेणाऱ्याकडून उतणार नाही, मातणार नाही असे वचन घेतले जाते. मातणे म्हणजे मत्त होणे. उतणे हे मात्र चुलीवरचे आहे. दूध तापते, वर येते आणि भांड्याबाहेर जाते, तसे माणसाचे होते. हिब्रू बायबलमध्ये उद्दामपणासाठी 'झादोन' असा शब्द आहे आणि त्याचा धातूही उकळणे या अर्थाशी संबंधित आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात अशा उकळीमागून अप्रतिष्ठा येते असा उपदेश आहे. पॅलेस्टाईनमधील चूल आणि विदर्भातील चूल यांनी माणसाविषयी एकच गोष्ट पाहिली, याचे मला नवल वाटते.

ताठा, चढेलपणा, फुगणे : शरीराचे शब्द

दुसरा मोठा गट माणसाच्या शरीराकडे पाहून तयार झाला आहे. ताठा म्हणजे न वाकणे. संस्कृतात 'स्तब्ध' या शब्दाचा अर्थ ताठरलेला असा होतो आणि गर्विष्ठ असाही. नागपूरकडे सर्रास ऐकू येणारा हिंदी शब्द 'अकड' हाही ताठरपणाचाच आहे. ताठ्याच्या माणसाला बोलावे लागते, पुढे होऊन नमस्कार करावा लागतो. तो स्वतः पुढे येत नाही. चढेल माणूस मात्र पुढे येतो आणि आवाज चढवून बोलतो.

निर्गमाच्या पुस्तकात सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या इस्राएल लोकांना ताठ मानेचे लोक म्हटले आहे. जू मानेवर घेण्यास नकार देणाऱ्या बैलाचे चित्र त्यामागे आहे. आपल्या श्रोत्यांना येथे एक अडचण येते. मराठीत 'ताठ मानेने जगणे' हे कौतुकाचे आहे. कष्ट करून, कोणापुढे हात न पसरता जगणाऱ्या माणसाविषयी आपण तसे बोलतो. म्हणून हा उतारा वाचून दाखवताना वाचकाने किंवा धर्मगुरूने दोन शब्दांचे स्पष्टीकरण दिलेले बरे. देवापुढे ताठ असणारी मान वेगळी आणि अन्यायापुढे न झुकणारी मान वेगळी.

फुगणे हा शब्द संत पौलाचा आवडता दिसतो. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने ज्ञानाने फुगणाऱ्यांविषयी पुनःपुन्हा लिहिले आहे. त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी लोहाराच्या भात्यासारखे हवा भरण्याचे चित्र आहे. नागपूरच्या वाचकाला हे संत्र्यावरून लगेच समजेल. कळमन्याच्या लिलावात जाणता खरेदीदार फळ हातात घेऊन तोलून पाहतो. काही संत्री वरून मोठी दिसतात, परंतु साल सुटलेली असते आणि आत रस कमी असतो. आकार पाहून नवखा फसतो. हाताला मात्र वजन कळते.

दर्प

या शब्दाला स्वतंत्र जागा द्यावी लागेल. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, विशेषतः इतरांना तुच्छ लेखणारा गर्व. मराठीत त्याला आणखी एक अर्थ मिळाला, तो म्हणजे उग्र वास. दारूचा दर्प येतो, औषधाचा दर्प येतो. दोन्ही अर्थ एकत्र ठेवले तर एक बोध मिळतो. मिरचीच्या बाजारात नवा माणूस शिरला की त्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते. तेथे रोज पोती उचलणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. दर्पाचे असेच आहे. ज्याच्या ठायी तो असतो त्याला तो जाणवत नाही, भोवतालच्यांना लगेच जाणवतो. म्हणून आपल्या दर्पाविषयी घरच्यांना, हाताखालच्यांना आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्यांना विचारावे.

तोरा, मिजास, दिमाख : मिरवण्याचे शब्द

यानंतर बाहेर दिसणाऱ्या गोष्टींचे शब्द येतात. ऐट, रुबाब, दिमाख हे तिन्ही शब्द चांगल्या अर्थानेही चालतात. नवरदेवाची ऐट, पोलीस अधिकाऱ्याचा रुबाब, दिमाखात पार पडलेला सोहळा असे आपण म्हणतो आणि कोणाला राग येत नाही. दिमाख हा शब्द मेंदू या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. मिजास हाही अरबी, मूळ अर्थ प्रकृती किंवा स्वभाव. मराठीत मात्र मिजास म्हणजे नसते चोचले आणि दुसऱ्याने आपल्यासाठी अदबीने वागावे ही अपेक्षा. आढ्यता हा शब्द 'आढ्य' म्हणजे श्रीमंत यावरून तयार झाला. त्यात संपत्तीचा वास आहे, जरी आज आपण तो पदवीच्या किंवा पदाच्या प्रदर्शनालाही लावतो.

बढाई, फुशारकी आणि शेखी हे जिभेचे दोष आहेत. बढाई आपल्या खऱ्या पराक्रमाचीही असू शकते. फुशारकीत बहुधा पदरचे मीठमिरची असते. टेंभा मिरवणे या प्रयोगात टेंभा म्हणजे मशाल. दिवसाढवळ्या मशाल घेऊन फिरणारा माणूस डोळ्यांसमोर आणला की त्यातील थट्टा ध्यानात येते.

तोरा आणि तुरा यांची गल्लत करू नये. शिरपेचात मानाचा तुरा इतर लोक खोवतात. तोरा आपला आपण मिरवतो. येथे संत फ्रान्सिस द सेल्स यांची आठवण होते. नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात त्यांनी उमदा घोडा, टोपीतले पीस आणि भारी पोशाख यांवर तोरा मिरवणाऱ्या लोकांची गंमत केली आहे. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा, की कौतुक करायचेच तर त्या घोड्याचे, त्या पक्ष्याचे आणि त्या शिंप्याचे करावे. घोड्याच्या जागी आज मोटार किंवा मोबाईल ठेवला, तरी तो विचार जसाच्या तसा लागू पडतो.

घमेंड, मगरुरी, उद्धटपणा, उर्मटपणा

घमेंडीत खोटा भरवसा असतो. माणूस 'पैशाच्या घमेंडीत' किंवा 'ओळखीच्या घमेंडीत' असतो, म्हणजे ती वस्तू आपल्याला सदैव वाचवील असे त्याला वाटते. मगरूर या अरबी शब्दाचा मूळ अर्थ फार बोलका आहे. तो म्हणजे फसलेला. जो स्वतःविषयी फसला तो मगरूर. गुर्मी त्याहून रांगडी आहे. गुर्मीत बोलणारा माणूस समोरच्याला खिजगणतीत धरत नाही.

उद्धट आणि उर्मट यांत लोक घोटाळा करतात. उद्धट हे बहुधा धाकट्याविषयी म्हटले जाते. मुलगा शिक्षकांना उलट उत्तर देतो, सून सासूला दुरुत्तर करते, तेव्हा हा शब्द येतो. मर्यादा मोडली असा त्याचा रोख असतो. उर्मट हा अधिक राठ आहे. खिडकीपलीकडे बसून वृद्धाला तिसऱ्यांदा हेलपाटा मारायला लावणारा कर्मचारी उर्मट असतो. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातही दाखला मागायला आलेल्याशी कोणी तसे वागले, तर त्याला हाच शब्द लावावा लागेल.

कोणता दोष कसा जातो

या शब्दांचा भेद आणखी एका खुणेने ओळखता येतो. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. मद उतरतो, मस्ती उतरते, कारण नशा उतरते. ताठा मोडतो, कारण न वाकणारी वस्तू मोडतेच. घमेंड जिरते, जसे पाणी जमिनीत जिरते. माज उतरतो, तसाच जिरतोही. गर्वाचे हरण होते, म्हणजे तो दुसरा कोणी हिरावून नेतो. आणि अहंकार गळतो, पिकलेल्या पानासारखा किंवा फळासारखा.

भाषेने येथे उपायही सांगून ठेवले आहेत. नशा उतरण्यास वेळ लागतो, त्यासाठी धीर हवा. ताठा मोडताना वेदना होतात. अहंकार ओढून काढता येत नाही. प्रार्थना, सेवा आणि वय यांनी तो पिकावा लागतो. मात्र 'जिरवणे' या प्रयोजक रूपापासून सावध राहावे. 'त्याची चांगली जिरवली' असे म्हणताना आपल्याला जो आनंद होतो, त्यात आपली घमेंड वाढलेली असते.

पोप ग्रेगरी यांचे चार प्रकार

पोप ग्रेगरी पहिले (कारकीर्द ५९० ते ६०४) यांनी गर्वाला सर्व दुर्गुणांची राणी मानले आणि ईयोबाच्या पुस्तकावरील भाष्यात त्याचे चार प्रकार सांगितले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचा विचार पुढे नेला. आपल्या शब्दांशी हे चार प्रकार ताडून पाहता येतात.

१. आपल्याजवळ जे चांगले आहे ते आपल्यापासूनच आले असे मानणे. यास आपण अहंकार म्हणू.

२. ते देवाने दिले हे मान्य करणे, परंतु आपल्या योग्यतेमुळे दिले असे समजणे. हा गर्व. भाविक माणसाचा पाय येथे अधिक घसरतो.

३. जे आपल्याजवळ नाही ते असल्याचे सांगणे. ही फुशारकी, आणि धर्माच्या बाबतीत असेल तर दंभ.

४. इतरांना तुच्छ लेखून, जे आहे ते केवळ आपल्यापाशीच आहे असे दाखवू पाहणे. हा दर्प.

या यादीत माज, मस्ती आणि उद्धटपणा कोठे बसतात? सरळ कोठेच बसत नाहीत. ग्रेगरी मनाच्या आत पाहत होते. माज व उद्धटपणा हे शब्द मात्र बाहेरून दिलेले असतात आणि ते देणारा माणूस बहुधा वरच्या पायरीवर उभा असतो. आता याच गोष्टीकडे वळतो, कारण मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचे आहे.

कोण कोणाला म्हणतो?

साहेबांचा रुबाब असतो, शिपायाला माज येतो. मालकीणबाईंचा स्वभाव कडक असतो, मोलकरणीला तोंड फुटते. जावई मानी असतो, सून उद्धट असते. वागणे एकच असले तरी माणूस बदलला की आपला शब्द बदलतो. शब्दकोशात हा भेद सापडत नाही, पण आपल्या बोलण्यात तो दररोज आढळतो.

मार्केट यार्डातील हमालाचे उदाहरण घ्या. दिवसभर पाठीवर पोती वाहणारा माणूस ठरलेली मजुरी पूर्ण मागतो, किंवा सणाच्या दिवशी काम करण्यास नकार देतो, तेव्हा कोणीतरी सहज बोलून जातो, 'यांना फार माज आला आहे.' महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यांच्या मजुरीला व कल्याणाला कायद्याचा आधार मिळाला. कायद्याने दिलेला हक्क मागणे हा माज कसा होईल? त्याने मान वर केली, एवढेच घडलेले असते. वर पाहण्याची सवय नसलेल्या माणसाने मान वर केली की खाली पाहण्याची सवय असलेल्याला ती ताठ वाटते.

स्वाभिमान या शब्दाचे मोल नागपूरला निराळे सांगावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शतकानुशतके ज्यांना मान खाली घालून चालण्यास भाग पाडले, त्यांनी ती वर केली. त्या काळीही या धैर्याला उद्धटपणा म्हणणारे होतेच. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकीही अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी असे टोमणे ऐकले आहेत.

पवित्र मरियेच्या स्तुतिगीताकडे या दृष्टीने पाहावे. संत लूक तेथे गर्विष्ठांसाठी जो ग्रीक शब्द योजतो, त्याच्या घडणीत 'इतरांच्या वर दिसणारे' असा भाव आहे. देव त्यांची दाणादाण करतो आणि लीनांना उंच करतो, असे मरिया गाते. ज्यांना देवाने उंच केले त्यांनाच आपण माजलेले म्हणू लागलो, तर आपण कोणत्या बाजूस उभे आहोत याचा विचार करावा लागेल.

नम्रता, लीनता आणि लाचारी

विरुद्ध बाजूच्या शब्दांतही असाच विवेक हवा. नम्र म्हणजे आपण होऊन वाकलेला. लीन म्हणजे मिसळून गेलेला. लाचार हा फारसी शब्द असून ज्याच्यापुढे दुसरा उपायच नाही असा त्याचा मूळ अर्थ आहे. नम्रता व लाचारी दुरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत मान खाली असते. नम्र माणूस ती हवी तेव्हा वर करू शकतो, लाचार माणूस करू शकत नाही. लॅटिनमध्ये नम्रतेचा शब्द 'ह्यूमस' म्हणजे माती या शब्दाशी नाते सांगतो. नम्र माणसाचे पाय जमिनीवर असतात, परंतु तो कोणाच्या पायाखाली नसतो. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, आणि त्याच रात्री प्रमुख याजकापुढे विनाकारण चपराक मारणाऱ्या शिपायाला जाबही विचारला. एकाच रात्री त्याने दोन्ही गोष्टी करून दाखवल्या.

मुलांना किंवा हाताखालच्या माणसांना नम्रता शिकवताना आपण लाचारी शिकवीत नाही ना, हे पालकांनी, शिक्षकांनी व आम्ही धर्मगुरूंनी वेळोवेळी तपासावे.

आत्मपरीक्षणासाठी

पापनिवेदनास जाण्यापूर्वी आपण 'माझ्याकडून गर्व झाला' असे मोघम न म्हणता नेमका शब्द शोधावा. माझ्या यशाचे श्रेय मी एकट्याने घेतले काय? तो अहंकार. माझ्या घराण्याच्या किंवा जातीच्या नावावर मी कोणाला कमी लेखले काय? तो दर्प. कार्यालयात किंवा दुकानात कोणाला मुद्दाम ताटकळत ठेवले काय? तो उर्मटपणा. भांडण मिटवण्यासाठी भावाने पुढे यावे म्हणून मी वर्षभर वाट पाहत बसलो काय? तो ताठा. नेमके नाव घेतले की औषधही नेमके सापडते.

याबरोबर एक साधी सवय सुचवावीशी वाटते. आठवडाभरात आपण दुसऱ्यासाठी माज, तोरा, मिजास, उद्धट यांपैकी जो शब्द वापरला असेल, तो रविवारी मिस्सापूर्वी स्वतःला लावून पाहावा. आणि स्वतःसाठी वापरलेला स्वाभिमान, मानीपणा, कडक शिस्त यांपैकी एखादा शब्द त्या दुसऱ्या माणसाला लावून पाहावा. बऱ्याच वेळा दोन्ही ठिकाणी तो बसतो.

राहिला फलकाचा प्रश्न. त्या भगिनी पुढे एकदा भेटल्या तेव्हा मी त्यांना सांगितले, की शब्द चुकला होता, भावना चुकली नव्हती. त्यांची मुलगी आता रुग्णसेवा करीत आहे. ज्या वस्तीने तिच्यासाठी फलक लावला, तिला तिचा अभिमान वाटावा आणि तिने स्वतः निरभिमानी राहावे, अशी आपण सर्व तिच्यासाठी प्रार्थना करू या. एकाच वाक्यात अभिमान हा शब्द दोन अर्थांनी आला, हे आता वाचकांच्या लक्षात येईलच.